येडू बंडगर यांच्या कपाळावरचे पाणी

मी, श्रीमती निवेदिता येडू बंडगर, वय ७१, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ती गोंधळलेली आहे, हे मात्र मलाच लिहावे लागेल.

१. राहते घर माझी मुलगी पूनम हिला मिळावे. मागची खोली माझा भाऊ सुबोध याने हयात असेपर्यंत वापरावी. प्रभू येशूचे दुसरे येणे अगदी जवळ आले म्हणून त्याने स्वतःचे घर विकले, त्याला नऊ वर्षे झाली. प्रभू आले तर खोलीचा प्रश्नच उरत नाही. तोवर डोक्यावर पत्रा हवा. अट एकच: पूनमसमोर तिच्या वडिलांविषयी बोलायचे नाही. त्यांच्या मयतीहून परतताना, "बाप्तिस्मा नाही, म्हणजे स्वर्गाचे दार बंद," असे तो तिला म्हणाला होता. ते मी विसरलेले नाही.

२. मंद्रूपच्या शेतातला, यजमानांकडून माझ्याकडे आलेला हिस्सा दीर शहाजी यांना द्यावा. धनगराच्या घरात चर्चला जाणारी सून आली, तरी त्यांनी मला कधी वेगळे मानले नाही.

३. आता जे मालमत्तेत मोडत नाही ते. २०१९ च्या मे महिन्यात, शेवटच्या आजारात, यजमानांनी मला विचारले, "तू म्हणतीस त्या गावाला मला घेत्याल का गं?"

मी म्हणाले, "घेतील की."

"मग बरं हाय," म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची शुद्ध गेली. पूनम औषध आणायला गेली होती. मी तांब्यातले पाणी त्यांच्या कपाळाला तीनदा लावले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांना बाप्तिस्मा दिला. त्यांना विचारले नव्हते. शुद्धीत विचारले असते तर माझ्यासाठी व्हय म्हणाले असते. म्हणूनच बेचाळीस वर्षांत विचारले नाही. संध्याकाळी ते गेले. दिरांनी त्यांच्या रीतीने अग्नी दिला, अस्थी भीमेत सोडल्या. मी अडवले नाही.

हे मी फक्त आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितले. ते म्हणाले, मेलेले झोपलेले आहेत, न्यायाच्या दिवशी शेवटचा कर्णा वाजेपर्यंत कोणाचाच निकाल नाही. मी विचारले, मग येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला त्याच दिवशी सुखलोक कसा मिळाला? ते म्हणाले, "बाई, हे मलाही नीट कळत नाही."

४. माझे दफन करावे. दगडावर 'प्रभूमध्ये झोपी गेली' असे लिहू नये, 'प्रभूजवळ गेली' असेही नको. कोणते खरे ते मला ठाऊक नाही. माझे आणि यजमानांचे नाव पुरे.

५. पूनम, हे तू आज प्रथमच वाचत असशील. तुझ्या वडिलांशी मी खोटे बोलले की नाही, मला अजून कळलेले नाही. पाणी प्रेमाने लावले की भीतीने, तेही नाही. तरी या दोन्ही कृत्यांची संपूर्ण जबाबदारी माझी एकटीची आहे. त्याबद्दल यजमानांना कोठेही, कोणीही, जाब विचारू नये.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना स्वतः वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

सही: निवेदिता येडू बंडगर

साक्षीदार:
कमलाकर देशपांडे, शेजारी
भुवनेश्वरी हिरेमठ, निवृत्त परिचारिका

सोलापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२४