टेकडीवर आग नाही

२ एप्रिल

वर्गभर पाट्या एकदम बाकांवर टेकल्या की एक आवाज व्हायचा. कोरडा, लहानसा, पण सगळ्यांचा मिळून एक. त्याचा अर्थ, आता कवितेचा तास. इतक्या वर्षांनी आज नव्या खोलीत खुर्ची पुढे ओढली आणि तोच आवाज कानात आला. शुभशकुन म्हणायचा!

लेकीकडे कायमचा राहायला आलो आणि महिन्याच्या आत मला नोकरी लागली. लेक हसून म्हणाली, बाबा, लोक या वयात गोळ्या घेतात, तुम्ही हजेरी लावता. जावई कामानिमित्त परगावी असतो, त्यामुळे घरात ती, मी आणि नात. नातीला मी भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. घर वरच्या आळीत, शेवटचं. परसाच्या कुंपणापलीकडे थेट रान.

काम सोपं. नगर कार्यालयाची निवेदनं माईकवरून वाचायची, ती चौकाचौकांतल्या भोंग्यांतून गावभर जातात. साहेब म्हणाले, कुणीतरी फोनवर कुठलाही जुना फोटो टाकतं आणि रान पेटलं म्हणून गाव बोंब मारतं. लोकांना भरवसा वाटावा असा घरातला आवाज हवा होता, तो तुमचा आहे. मी आतून फुललो, लपवत कशाला.

माईकवर मळका स्पंज, खिडकीतून समोर टेकडी. माईक तपासायला म्हणे ‘हॅलो हॅलो’ करतात. मी शाळेतली ओळ म्हटली:

पाय न वाजे, वारा आला,
दिवा म्हणाला, बैस जरा.

मग पहिलं निवेदन. टेकडीवर आग नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, घरातच थांबा. मुद्दाम खिडकीबाहेर पाहून घेतलं. टेकडी धुतल्यासारखी स्वच्छ होती. चहावाल्या बाई म्हणाल्या, आजोबा, निवेदन देताय की पाळणा म्हणताय?

६ एप्रिल

दाढीला गेलो होतो. न्हाव्याने गळ्यावर वस्तरा टेकवून सांगितलं की आजोबा, तुम्ही ‘आग नाही’ म्हणालात की आमची ही बॅगा भरायला घेते. भरते, उपसते, भरते, उपसते. आता वैतागली आहे. उद्या तुम्ही ‘आग आहे’ म्हणून गळा काढलात तरी ती जागची हलायची नाही. दुकान हसलं. वस्तऱ्यापायी मला हसता येईना.

घरी लेकीला विचारलं, तुझा तरी विश्वास आहे ना? ती म्हणाली, कार्यालयावर काडीचा नाही, फोनवरच्या गप्पांवर नाही, तुमच्यावर आहे. तुम्ही निघा म्हणालात की मी पोरीला घेऊन निघेन. तोवर उंबरठा ओलांडणार नाही.

छातीवर कुणी हात ठेवावा तसं वाटलं. उबदार, आणि जड.

भिंगरीने लगेच खूण ठरवली. खरे आजोबा असतील तर त्यांनी वाऱ्याची ओळ म्हणायची. ती आपलीच, दुसऱ्या कुणाला कशी माहीत असेल? मी आनंदाने हो म्हटलं.

९ एप्रिल

भिंगरीने फोनवर फिरत असलेलं काहीतरी ऐकवलं. माझा आवाज. पाणीटाकीच्या बाजूला आग नाही, असं मी सांगतोय. स्वर माझा, ठेका माझा, ‘नाही’वरचा हलका हेलकावाही माझाच. पण पाणीटाकीचं निवेदन मी कधीच वाचलेलं नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कुणीतरी तुकडे जोडले असतील, मनावर घेऊ नका.

परत येताना पाहिलं. पाणीटाकीमागची झाडं काळी उभी होती.

११ एप्रिल

आज बाईंकडे चहा पीत होतो. हातात कप. डोक्यावरच्या भोंग्यातून मी बोलू लागलो. शाळेच्या बाजूला आग नाही, घरातच थांबा. आधी माईक तपासल्याची ओळही म्हटली. बाई एकदा भोंग्याकडे, एकदा माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझा कप न विसळताच पलीकडे सरकवला.

धावत गेलो असं नाही म्हणता येणार, पण गुडघ्यांनी नेलं तसा माईकच्या खोलीपाशी गेलो. कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात.

ती ओळ मी रोज सकाळी भोंग्यावरून म्हणत आलोय. गावभर. आणि आम्ही तीच खूण ठरवली.

१२ एप्रिल

लेकीला सांगायला बसलो की ती ओळ आता आपली राहिली नाही. ती म्हणाली, बाबा, सकाळीच तर सांगितलंत, खूण बदलायची नाही.

सकाळी मी झोपलो होतो.

१३ एप्रिल

भरदुपारी उजेड तांब्याच्या रंगाचा. राख खिडकीच्या गजांवर बसतेय. शाळेची बाजू दिसतच नाही. साहेबांची गाडी मघाशीच गेली. टेबलावर निवेदन ठेवलंय: वरच्या आळीत आग नाही.

वाचलं नाही. फाडलं. माईक सुरू केला आणि ओरडलो, पळा, आग आहे, खालच्या रस्त्याने निघा! चौकात माणसं थांबली. एकाने भोंग्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला टाळी दिली. न्हावी दारात उभा राहून हसत होता. एकाने फोन वर धरला.

हललं कुणी नाही.

लेकीला फोन लावला. म्हटलं, निघ, पोरीला घेऊन निघ. ओळ म्हटली. ती थंडपणे म्हणाली, या आवाजात फोन करणं बंद करा. ठेवला. पुन्हा लावला — लागत नाही —

रोज तीच स्कूटरवर सोडते मला. एवढा चढ माझ्याने — गेलो होतो. कार्यालयाच्या फाटकापर्यंत. धूर. श्वास — परत आलो. माईकवर ओरडत राहिलो. आता घशातून आवाज निघत नाही. भोंगे मात्र बोलतायत. शांतपणे. वरच्या आळीत आग नाही —

दार वाजलं.

भिंगरी. केसांत राख, पायांत चपला नाहीत. एकटी. कशी आली — आत ये म्हटलं. येत नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणते, आजोबा तर घरी आहेत. आई त्यांचा हात धरून बसलीये. ते म्हणतात, बैस जरा.

ओळ म्हटली. घोगरी आली.

ती म्हणाली, ते छान म्हणतात.

हात पुढे केला. मागे सरली. तिने वहीकडे पाहिलं — म्हणाली, तेही हेच लिहीत बसलेत — अगदी हेच — आणि वळली, चढाकडे —

भिंगरे, वर नको गं, वर —