गच्चीवरचा संप

अण्णा,

आज ऑफिसात माझ्या टीममधल्या पाच-सहा पोरापोरींनी मला गाठलं आणि उद्या दुपारी बसून बोलायचंय म्हणाले. सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. काम संपल्यावरही फोनवर येत राहणारे मेसेज बंद व्हावेत, आणि ते एकेकट्याने न मागता सगळ्यांनी मिळून मागायचं, असं त्यांचं ठरलंय. त्यांच्यातली एक मुलगी 'कॅपिटॅलिझम' हा शब्द असा उच्चारते, जणू ताटात केस सापडलाय. मला हसू आवरेना. तिच्या वयाची असताना 'युनियन' हा शब्द मी अगदी तसाच उच्चारायचे, आणि तोही तुमच्यासमोर बसून. दिवसभर तुमची आठवण येत राहिली, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्ही इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालात, क्वार्टर सोडायची वेळ आली, आणि सोलापूरला परत जायची बांधाबांध चालू असतानाच मला इथे महाबलीपुरमच्या जुन्या रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मग आपण शहराच्या जुन्या भागात, तिरुवल्लिकेणीत, वरचा मजला आणि गच्ची भाड्याने घेतली. गल्लीत दोन्ही बाजूंना मॅन्शन होती, म्हणजे एकेका खोलीत तीन-तीन बिनलग्नाची पोरं राहायची अशा इमारती. नोकरीच्या शोधात कुठकुठून आलेली पोरं, लातूरची, नागपूरची, गुंटूरची. त्यातल्या दोघा मराठी पोरांना आईने एकदा पोळी-भाजी करून दिली. त्यांनी ती खाताना केलेले चेहरे पाहून आईचा डब्यांचा धंदा सुरू झाला, असं तुम्ही नंतर सगळ्यांना सांगत असा. वर्षभरात गच्चीवर झावळ्यांचं छप्पर आलं, दोन मोठ्या शेगड्या आल्या आणि मरीनाच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या कुप्पमातून, कोळ्यांच्या वस्तीतून, तीन बायका पोळ्या लाटायला येऊ लागल्या. मधली आईच्याच वयाची होती, बाकीच्या दोघी तिच्या भावजया.

तुम्ही मात्र रिकामे होतात. ज्याने सगळा जन्म कारखान्याच्या गेटवर उभं राहून सभा घेतल्या, त्याला लसूण सोलायला बसवलं होतं. सकाळी मी ऑफिसच्या बसची वाट बघत चहा पीत असे आणि आपलं भांडण सुरू होई. मी म्हणायचे, तुमच्या युनियनने कामचुकार माणसं पोसली, आमच्याकडे जो काम करतो तो पुढे जातो. माझ्या बरोबरीची सगळीच पोरं असं बोलायची. आम्हाला कुणी ढकलत नव्हतं, वारा आमच्याच पाठीमागून वाहत होता आणि तो आमच्याच जोरावर वाहतोय असं वाटत होतं. माझा पहिला पगार तुमच्या शेवटच्या पगाराच्या वर गेला तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत, आणि मग मला म्हणालात, "छान झालं. आता हा टिकवायला तू एकटी काय करशील तेवढं सांग." मी म्हणाले, काम करीन. तुम्ही हसलात आणि पुढचा लसूण उचललात. माझी बस आली की तुमचं उरलेलं भाषण मोडक्या तमिळमध्ये त्या तीन बायकांना ऐकावं लागे. त्या ऐकत होत्या हे आपल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग तो पाण्याचा उन्हाळा आला. शहराचे तलाव आटले, नळ कोरडे पडले. लॉरीतून पाणी येई, आणि ती कधी येईल ते लॉरीवाल्यालाही माहीत नसे. बायका पहाटेपासून प्लॅस्टिकच्या रंगीत घागरी, इथले लोक ज्यांना कुडम म्हणतात, त्या रांगेत मांडून बसत. साहजिकच आपल्याकडच्या तिघींना उशीर होऊ लागला. मॅन्शनमधली पोरं डब्याशिवाय कामावर जायला लागली तशी आई चिडली आणि तिने जाहीर केलं की उशीर झाला तर अर्धा दिवस कापणार. तिने ते पहिल्या आठवड्यात केलंही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी वर गेले तर कणकेचा गोळा परातीत तसाच, शेगड्या थंड, आणि तिघी जणी जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या. मधली म्हणाली, "अम्मा, आज आम्ही लाटणार नाही."

 आईने वळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शपथेवर सांगितलंत की मी यांना काही शिकवलेलं नाही. ते खरंही होतं. पण त्या मधल्या बाईने तुम्हाला विचारलं, अण्णा, आमच्या वतीने तुम्ही बोलाल का, तेव्हा तुम्ही पळभरही विचार केला नाहीत. हातातला लसूण खाली ठेवलात, धोतर सारखं केलंत आणि त्या तिघींच्या शेजारी जाऊन पायरीवर बसलात. तुमच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद तोवर पाहिला नव्हता. माझ्या पेढ्यांच्या दिवशीसुद्धा नाही.

मी आईला बाजूला घेतलं. जी भाषा मी नुकतीच ऑफिसात शिकले होते, त्याच भाषेत तिला म्हणाले, काढून टाक तिघींना, दुसऱ्या मिळतील, बाजारात काय कमी आहेत. तुम्हाला ते ऐकू गेलं. तुम्ही आवाज चढवला नाही. "मिळतील ना," तुम्ही म्हणालात, "पण त्या दुसऱ्यांनाही पाणी याच लॉरीचं भरावं लागेल."  इतक्या वर्षांत तुम्ही मला रागावलात असं तेवढं एकदाच, आणि त्यात रागाचा एकही शब्द नव्हता.

तेवढ्यात जिन्यावरून पोरं यायला लागली. डबे का आले नाहीत म्हणून विचारायला आलेली, भुकेली, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली. संप आहे हे कळल्यावर त्यांच्यात एकच चर्चा सुरू झाली. नागपूरच्या पोराचं म्हणणं, बायकांना पोळीमागे दर द्या, जास्त लाटील ती जास्त कमवील. गुंटूरचा म्हणाला, दर द्या पण पाण्याचं काय. लातूरचा पोरगा मात्र सरळ वर गेला आणि पोळपाट पुढे ओढून लाटायला बसला. मग एकेक करून सगळेच. कुणाची पोळी श्रीलंकेच्या नकाशासारखी, कुणाची आणखी कुठल्या देशाच्या. त्या तिघी पायरीवरून मान उंच करून बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी धाकटीला राहवेना. ती उठून आली आणि एकाच्या हातातलं लाटणं नीट धरायला शिकवू लागली, तर तुम्ही तिला संप चालू असल्याची आठवण करून दिलीत. संप मोडू नकोस, बाहेरूनच सांग, म्हणालात. आईसुद्धा तोंड फिरवून हसली ते मी पाहिलं.

दुपारी गच्चीवर चटई टाकून बोलणी झाली. एका बाजूला आई आणि मी, समोर त्या तिघी आणि तुम्ही. तुम्ही घसा साफ केलात आणि सुरुवात केलीत, "मालकीणबाई, आमच्या सभासदांचं म्हणणं असं..." आईने तिथेच थांबवलं. "मालकीणबाई म्हणायचं असेल तर रात्री जेवायलाही सभासदांकडेच जा." मधलीला मराठी येत नव्हतं, पण तिला ते अक्षरन् अक्षर कळलं. ती तमिळमध्ये म्हणाली, अण्णांना मी मासे घालीन, अम्मांनी काळजी करू नये. आपलं घर शाकाहारी. त्यानंतर बराच वेळ कुणालाच गंभीर होता येईना.

पण गंभीर गोष्टीही झाल्या. अर्धा दिवस कापणं आईने बंद केलं. लॉरी येईल तशा दोघी आधी आणि एक मागून येईल, हे त्यांनी आपसात ठरवायचं, असं झालं. पोंगलच्या सणाला बोनस द्यायचं तिने कबूल केलं. रविवारच्या सुट्टीला मात्र ती हटून बसली, कारण रविवारी पोरं खोलीवर असत आणि सर्वांत जास्त तेव्हाच जेवत. तुम्हीही हटलात. तिढा सुटेना. तेव्हा कठड्यावर टेकून ऐकत असलेला लातूरचा पोरगा म्हणाला, रविवारी ज्याला जेवायचंय त्याने वर यावं आणि स्वतः लाटावं, काकू फक्त सांगतील. आई म्हणाली, यांच्या हातचं हेच खातील. आणि ठरलं.

पुढची कित्येक वर्षं आपल्या गच्चीवर ते रविवार झाले. तुम्हाला नवी युनियन मिळाली. पंधरा-वीस पोरं, सगळ्यांना स्वतःची कंपनी काढायची किंवा अमेरिकेला जायचं, आणि मध्ये तुम्ही बटाटे सोलत त्यांच्याशी हुज्जत घालताय. मी अजूनही तिथेच आहे असं वाटतं. समुद्राचा वारा येतोय, झावळ्या सळसळतायत, कुणीतरी मीठ विसरलंय. लातूरचा पोरगा तुम्हाला सांगतोय, "अण्णा, माझ्या गावात मला आडनावावरून ओळखतात. या कंपनीत मला फक्त परीक्षा घेऊन घेतलं. आडनाव कुणी विचारलं नाही. मला बाजार वाईट म्हणता येत नाही." तुम्ही पुढचा बटाटा उचलताय. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "आठवडाभर विचार केला. तुझं बरोबर आहे. आमच्या युनियननेही ते विचारायचं सोडायला फार वेळ लावला." त्यानंतर तो पोरगा तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाशी वादच घालेना.

मग मंदी आली. एका सकाळी त्याच पोराचं कार्ड कंपनीच्या दारावर चाललंच नाही, आणि आदल्या दिवशीचा त्याचा डबा आतच राहून गेला होता. तो तिथून थेट आपल्याकडे आला. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, सांगत नव्हतो. तुम्ही आईला सांगून आधी त्याला जेवायला वाढायला लावलंत. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "अण्णा, तुमच्या वेळी पहिली सभा कशी घेतली होती?" तुम्ही सांगत बसलात आणि तो ऐकत बसला. युनियन काही त्याने काढली नाही. दोन महिन्यांत त्याला दुसरी नोकरी लागली, आणि तिथे रुजू झाल्यावर त्याने सगळ्यांच्या अडीअडचणीसाठी दरमहा वर्गणी जमवायला सुरुवात केली. ती बाजाराची गोष्ट की तुमची, यावर तुम्ही दोघं शेवटपर्यंत भांडलात. तुम्ही गेलात त्या दिवशी खांदा द्यायला त्या गच्चीवरची अकरा पोरं होती, आणि त्या तिघींनी रीत मोडून स्मशानापर्यंत चालत येऊन तुम्हाला पोचवलं. आई आता माझ्याकडे असते. पोळी कुणी जाड लाटली की अजून म्हणते, ही रविवारची आहे.

उद्या ही पोरं समोर बसतील. त्यांचं वाचन आमच्यापेक्षा जास्त आहे, कानातली यंत्रं महागडी आहेत, आणि जेवण आणून देणाऱ्या पोरांसाठी पावसाळ्यात रेनकोटची वर्गणी काढतात तीही हीच. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. मी टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला बसणार आहे आणि कंपनीचं म्हणणं नीट मांडणार आहे, कारण त्याचाच पगार घेते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तुम्हाला सांगून टाकते. त्या दुपारी चटईवर मी आईच्या बाजूला बसून तिच्या वतीने जोरात भांडत होते, अण्णा, आणि पूर्ण वेळ मला वाटत होतं की तुम्ही जिंकावं.