समदं खुशाल हाय

११ जानेवारी

पोचलो एकदाचा! वडूजच्या पुढे, तळ्याच्या अगदी काठाला हरणाबाईची खोली मिळाली. इस्लामपुरात इतकी वर्षं लग्नांचे फोटो काढले. नवरीचं हसू आणि मामाचं रुसणं, दोन्हींचा वीट आला. यंदा रोहित पक्ष्यांचा असा फोटो काढणार की स्पर्धेच्या परीक्षकांनी तोंडात बोटं घालावीत. बायकोपेक्षा बगळे बरे का, असं दीपमालानं विचारलं. बगळे नव्हेत बाई, रोहित! रविवारी तीही येणार आहे, तेव्हा दाखवतो.

हरणाबाई एकटीच राहते. गोड म्हातारी आहे. आल्या आल्या भाकरी आणि पावट्याची आमटी पुढे केली. या बाजूला कुणी फिरकत नाही म्हणे. मला तेच हवंय.

१३ जानेवारी

कपाळ माझं! थवा पार पलीकडच्या दलदलीत. कोपरांवर सरपटत गेलो, तरी उडाले. फोटोत नुसते गुलाबी ठिपके. हरणाबाई काठावर बसून पदराआड हसत होती.

१४ जानेवारी

संक्रांत. हरणाबाईनं तिळगूळ दिला आणि पाखरं जवळ पाहिजेत का, असं विचारलं. मग मागच्या खोपटातून, टोपलीखालून एक जिवंत रोहित काढला. दोन्ही पापण्या दोऱ्यानं शिवलेल्या.

तिची सासूही अशीच पाखरं धरायची. डोळे शिवले की पाखरू बिथरत नाही, पाण्यात पाय बांधला की गप उभं राहतं. "वरनं जानाऱ्यास्नी वाटतं, आपलं कुनीतरी हुबं हाय. खाली समदं खुशाल हाय." थवा उतरतो आणि ही जाळं ओढते.

ठरलं. आधी माझे फोटो, मग तिचं जाळं. वाईट वाटलं मला. पण खरं सांगायचं तर फार वेळ नाही वाटलं.

१५ जानेवारी

काय फोटो मिळालेत! हात लांबवला तर पिसं हाताला लागतील इतके जवळ. पापण्यांवरचा दोरा काय, कॉम्प्युटरवर पुसता येतो.

ऊन चढलं की पाखराला सावलीत आणायचं, असं हरणाबाईनं बजावलं होतं. पण उजेड असा पडला होता की राहूनच गेलं. दुपारी बघतो तर त्याची मान पाण्यात लोंबत होती. तेवढ्यात तिनं जाळं ओढलं. त्याच्या कडेचे शिशाचे मणी खडखडले, फडफड झाली आणि सगळं शांत.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पाखरू मेलं तर मेलं, जागा रिकामी ठिवायची न्हाई." दुसरं कुठूनतरी आणेल बहुधा. मालकीणबाई रविवारी नक्की येणार ना, हे मात्र दोनदा विचारलं. डोळं लय दमल्यात तुमचं, म्हणत झोपताना हळदीचं दूध दिलं.

१६ जानेवारी

लिहितोय ते दिसत नाही. डोळे उघडत नाहीत. बोट फिरवलं —

टाके.

गुडघ्यापर्यंत पाणी. घोट्याला तार. ओढली की मांसात रुतते. टाके उपटायला गेलो तर पापणीच फाटायला लागली. वही खिशात होती म्हणून — खूप ओरडलो. हरणाबाई काठावरून हळूच म्हणाली, तळं एवढं मोठं, इथं कुनाला ऐकू जातंय.

१७ जानेवारी

आता ओठही. रोहित उतरलेत. चोहोबाजूंनी पाणी चाळल्याचा आवाज. मला घाबरत नाहीत —

माझा फोन वाजला. तिनं घेतला. दीपमालाच. "सायब पान्यात हुबं हायत. समदं खुशाल हाय. या की."

१८ जानेवारी

गाडीचं दार वाजलं. हसली. तीच. पाण्यात काय समाधी लावलीस का, म्हणते —

येऊ नकोस लिहिलं. अख्ख्या पानभर. वही वर धरली —

एवढ्या लांबून वाचता येत नाही म्हणाली. थांब तिथंच, जवळ येते. चपला काढल्या वाटतं. पाण्यात पाय —

मागे मणी खडखडले —

दीपा मागं फि