पिरारची चौथी तबकडी

नामूर, ९ ऑक्टोबर १९६७

चि. ओदील हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला नासपतीचा पाक पोचला. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण पियानो बसूनच सुरात लावायचे असतात, त्यामुळे धंद्याला खोट नाही.

तुझ्या नवऱ्याचं कार्ड मात्र पाकाइतकं गोड लागलं नाही. 'रविवारी नक्की या, ला बातच्या बाजारात काहीतरी सापडलंय,' एवढंच लिहिलंय. काहीतरी म्हणजे काय गं? नदीकाठच्या त्या बाजारात तुझा लाँबेर कोंबड्यांच्या पिंजऱ्यांमधून रमतगमत हिंडतो आणि जॅझच्या जुन्या तबकड्या आपण होऊन त्याच्या हाताला लागतात. मी पहाटेची गाडी धरून लिएजला येतो, तर मला फुटका रेडिओ मिळतो. दात आहेत तर चणे नाहीत, ही माझी गत. त्याच्याकडे दोन्ही, आणि वर दातांचाच डॉक्टर!

लग्नाआधी या माणसाला माउथ ऑर्गन म्हणजे जत्रेतलं खेळणं वाटायचं, हे विसरू नकोस. त्यावर जॅझ वाजतो हे त्याला मी ऐकवलं. तो वाजवणारा नेस्तोर पिरार कोण, हे मी सांगितलं. पिरारच्या चार तबकड्यांपैकी तीन माझ्याकडे आहेत. चौथी युद्धाच्या तोंडावर निघाली आणि कुठे गडप झाली कोणास ठाऊक. जवळजवळ तीस वर्षं मी तिच्यामागे आहे. ती लाँबेरला सापडली असेल तर मी काय करीन, माझं मलाच माहीत नाही. सापडली नसो, म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलोय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
एद्गार

—

नामूर, १६ ऑक्टोबर १९६७

चि. ओदील हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

काल तू स्वयंपाकघरात मांसाचे गोळे परतत होतीस, तेव्हा बैठकीत काय झालं ते सांगतो. आमची रीत तुला ठाऊक आहेच. तबकडीच्या नावावर खाकी कागद चिकटवायचा, कोणाची ते न सांगता लावायची, संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि मग पहिला शब्द माझा.

सुई टेकली आणि मी ओळखलं. पिरारच! मी कधीही न ऐकलेला, तरी तोच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीस वर्षं मी शोधायचं, आणि याने सशांच्या खुराड्याखालून उचलून आणायचं! तबकडी संपली. लाँबेर माझ्या तोंडाकडे बघून लहान पोरासारखा हसत होता. ते हसू मला बघवेना. मी म्हणालो, नक्कल आहे. लग्नात वाजवणारा कोणी तरी पिरारचा आव आणतोय. ज्युल्याँ बेकरीवाल्याने लगेच मान डोलावली. त्याला माउथ ऑर्गन आणि अ‍ॅकॉर्डियन यांतला फरक कळत नाही, पण मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

लाँबेरचं हसू मावळलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आगगाडीत बसेपर्यंत बरं वाटत होतं.

आता महिनाभर जाऊ दे. मग सहज म्हणेन, ती नक्कल द्या माझ्याकडे टाकून, नमुना म्हणून असू दे. तो देईल. माझ्या कानावर त्याचा पाद्रीबाबापेक्षा जास्त विश्वास आहे. तू मात्र चकार शब्द काढू नकोस. तू आधी माझी बहीण आहेस आणि मग त्याची बायको.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा दादा,
एद्गार

—

लिएज, १९ ऑक्टोबर १९६७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि शेगडीत टाकलं. पंधरा दिवसांत साठ वर्षांचा होशील, आणि अक्कल अजून सहा वर्षांच्या पोराची! लहानपणी माझ्या गॉफ्रच्या जाळीदार केकवर साखर जास्त पडली म्हणून तू तो मातीत पाडला होतास. मग तुझाही तुला गोड लागला नाही.

इकडे रविवारपासून लाँबेरची कॉफी समोर गार होते. ती तबकडी त्याने पुन्हा लावली नाही. मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाला, एद्गारचा कान एद्गारचा. दवाखान्यात कोणाचा भलताच दात उपटेल अशी मला धास्ती वाटते.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगावं तर भाऊ तुटतो, न सांगावं तर नवऱ्याला वाढताना मान वर होत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. दादा, तो तुझा मत्सर कधीच करत नाही रे. तुझं नाव निघालं की पाहुण्यांना सांगत सुटतो, आमच्या मेहुण्यांसारखा कान बेल्जममध्ये नाही. तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. पत्र मिळताच ये. तांदळाचा टार्ट करून ठेवते, म्हणजे तोंड उघडायला तुला निमित्त मिळेल.

वडिलकीची माया ठेवावी, आणि थोडी लाजही.

तुझी,
ओदील

—

लिएज, १ नोव्हेंबर १९६७

श्री. एद्गार यांस,
सा. न. वि. वि.

साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. सोबतचं पार्सल सांभाळून उघडा. आत पिरारची चौथी तबकडी आहे. ती तुमच्यासाठीच घेतली होती. तुम्ही त्याचं नाव घेतलंत की सगळ्यांसमोर कागद फाडून ती तुमच्या हातात ठेवायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. ओदीललाही बोललो नव्हतो, तिच्या पोटात काही राहत नाही असा माझा समज होता.

तुम्ही ओळखलंत, हे मला तिथेच कळलं. पिरार लांब सूर ओढण्याआधी किंचित अडखळून श्वास घेतो. तो जिथे जिथे अडखळला, तिथे तिथे तुमची छाती वर आली. माझा जन्म लोकांना श्वास रोखताना बघण्यात गेला आहे, माझी नजर तिथेच जाते. पहिल्यांदाच ऐकलेल्या नक्कलवाल्याबरोबर कोणी असा श्वास घेत नाही. वाट पाहिली, आज लिहाल, उद्या लिहाल. ओदील कोपऱ्यात डोळे पुसते, त्यावरून तिला ठाऊक असावं. पण तिने मला काही सांगितलं नाही, तेव्हा तिच्या नावाने बोटं मोडू नका.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मला संगीत फारसं कळत नाही. तुम्हाला ऐकताना बघायचो आणि त्यातून मला ते कळायचं. तबकड्या मी त्यासाठीच आणायचो. आता तुमच्या तोंडाकडे बघून काय खरं मानावं, ते मला समजेनासं झालं आहे.

घर तुमच्या बहिणीचं आहे. नाताळला या, एरवीही हक्काने जेवायला या. रविवारच्या बैठकीला मात्र येऊ नका.

तबकडीला निवडुंगाच्या काट्याची सुई वापरा, पोलादी नको. तुम्हीच शिकवलंत.

प्रकृतीस जपावे, ही विनंती.

आपला,
लाँबेर

—

नामूर, २० नोव्हेंबर १९६७

चि. ओदील हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तबकडी पोचली. ओरखडाही नाही. लाँबेरला मी तीन पत्रं लिहायला घेतली आणि तिन्ही फाडली. माफी मागायला बसतो आणि दोन ओळींत त्यालाच दोष देऊ लागतो.

पिरार मी लावला. दुसऱ्या बाजूला तर त्याने असं काही वाजवलंय की दुसरा कोणी ते वाजवणार नाही. ऐकून संपलं, आणि मी मान वर केली. समोर खिडकी. माझ्याकडे आता चारही तबकड्या आहेत, आणि हेवा वाटतो तो तुमच्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाचा. ज्युल्याँचासुद्धा. काल रविवार होता. दुपारभर मी घड्याळ बघत होतो आणि जळत होतो.

तू कॉफी घेऊन आत जातेस तेव्हा तुला दिसतच असेल. तबकडी थांबल्यावर लाँबेर आता कोणाच्या तोंडाकडे बघतो, तेवढं कळव.

तुझा दादा,
एद्गार