बाईसाहेबांची कुंडी आणि यमूमावशीची सुई

नागपूर,
२ जुलै १९७४

तीर्थस्वरूप अनंतदादा यांस,

विश्वनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

यमूमावशी परवाच्या एस.टी.नं उमरेडला सुखरूप पोचली असेलच. मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली होती; ती तिनं गाडी सुटायच्या आत कुणाला तरी देऊन टाकली असणार, हेही जाणून आहे. वहिनींचा गुडघा आता काय म्हणतो? विहिरीला पाणी आलं का? इथं पाऊस आल्यासारखं करतो आणि परत जातो (आमच्या ऑफिसातल्या बढत्यांचंही तसंच). कूलर काढून ठेवायचा की राहू द्यायचा यावरून सुमतीचं आणि माझं रोज एकदा वाजतं. बाकी प्रकृती उत्तम.

मावशीनं तुम्हाला कुंडीची हकिकत सांगितली असेल. पण तुमच्या मातोश्री कोणतीही गोष्ट शेवटापासून सांगतात आणि मध्येच भाजी फोडणीला टाकायला उठतात, म्हणून मी मुळापासून लिहितो. एप्रिलात बातमी फुटली की सिरोंच्याची जागा रिकामी आहे. आता ती जागा रिकामी नाही असं कधीच नसतं. तिथं गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या खटपटीला लागतो. पण या खेपेला नावं ठरत होती आणि त्यात माझं सर्वांत वर होतं. सुमतीची महाल भागातल्या शाळेतली नोकरी, वर्षानुवर्षं अर्ज करून मिळालेलं क्वार्टर, सगळं सोडून चांद्याच्या पलीकडे जंगलात जायचं! स्पष्टच लिहितो दादा, मला नागपूर सोडायचं नव्हतं आणि भीतीनं घास उतरत नव्हता. अशातच साहेबांच्या बाई उन्हाळ्यासाठी पचमढीला निघाल्या आणि त्यांची लाडकी कुंडी कोण सांभाळणार असा प्रश्न ऑफिसात आला. मी हात वर केला. (हात सगळ्यांनीच केला होता. माझा आधी दिसला, कारण मी खुर्चीवर चढलो होतो.)

झाड म्हणजे काय, तर टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या चार फांद्या आणि त्यांवर भिजवलेल्या शेंगदाण्याएवढी, रसानं टम्म भरलेली हिरवी पानं. इंग्रजीत याला गाढवाची शेपटी म्हणतात असं बाईसाहेबांनी स्वतः सांगितलं. (तेव्हा हसायचं की नाही हे कळायला आम्हाला साहेबांच्या तोंडाकडे पाहावं लागलं. ते हसले नाहीत.) सूचना अशा: कन्हान नदीची जाड रेती घातलेली माती आहे, ती पूर्ण वाळेपर्यंत पाणी नाही, सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, दुपारचं नाही, आणि हात तर मुळीच लावायचा नाही, कारण पान नुसत्या धक्क्यानं गळतं. म्हणजे या झाडाची सेवा म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष करणं. सरकारी नोकराला याहून सोपं काम कोणतं? पण दादा, दुर्लक्ष करायला आम्ही फक्त ऑफिसात शिकलो आहोत. घरी आलेल्या पाहुण्याकडे दुर्लक्ष करणं आपल्या रक्तातच नाही.

कुंडी जीपमधून आली तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. सुमतीनं तिला थेट कूलरसमोर टांगलं. आमच्याकडे पाहुण्याची जागा तीच. (गेल्या मे महिन्यात तुम्हीही तिथंच पडून होतात.) वाळ्याचा गार फवारा बसला, फांद्या भिंतीवर आपटू लागल्या आणि पानं टपटप पडली. मी कुंडी व्हरांड्यात हलवली, तर तिथं मावशी. मी पाणी देत नाही हे पाहून ती माझ्यावरच उखडली. “काहून रे विश्वनाथ, दारी आलेल्या जीवाले या उन्हात तांब्याभर पाणी नाही तुमच्या घरी?” मी रेतीचं शास्त्र समजावलं. तिनं मान डोलावली आणि मी ऑफिसात गेलो की रोज तांब्या रिता केला. एक फांदी बुडापासून कुजली.

उरलेल्या तीन फांद्यांचा निकाल ऑफिसनं लावला. साहेबांची कुंडी माझ्याकडे आहे म्हटल्यावर संध्याकाळी तिच्या समाचाराला रांग लागू लागली. माझ्या टायफॉइडमध्ये ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं ते झाडासाठी मोसंबी घेऊन आले. (मोसंबी आम्ही खाल्ली.) आमचे हेडक्लार्क मधुकरराव तर रोज यायचे आणि चष्मा वर करून म्हणायचे, “मले तर हे मेणाचं वाटून राहिलं गा.” मग खात्री करून घ्यायला एक पान दाबायचे. ते पान हातात यायचं. मग ते दुसरं दाबायचे. कुणाला हात धरून अडवायची सोय नव्हती, कारण नावांच्या त्या यादीला सगळ्यांचेच हात लागणार होते. जून संपत आला तेव्हा कुंडीतून तीन सुतळ्या लोंबत होत्या.

आणि बाईसाहेबांची तार आली, सोमवारी पोचते. मी डोक्याला हात लावून बसलो. डोळ्यांसमोर नुसता सिरोंचा. तेव्हा मावशीनं देवघरातून पितळी परडी आणली. पडलेलं प्रत्येक पान तिनं त्यात जपून ठेवलं होतं, कारण हिरवी वस्तू तिच्यानं फेकवत नाही. आणि ही पानं अशी चिवट की महिना उलटला तरी टवटवीत. मावशीनं सुईत पांढरा दोरा ओवला आणि मोगऱ्याचा गजरा करतात तशी एकेक पान ओवून त्या सुतळ्यांना गुंडाळत गेली. मी शपथेवर सांगतो, झाड मूळच्यापेक्षा देखणं झालं. हात बसल्यावर तर तिला थांबवणं कठीण झालं. फांदी संपली तरी तिनं वीतभर पुढं ओवलं आणि कुजलेल्या चौथीच्या जागी निव्वळ दोऱ्याची एक नवी सोडली.

बाईसाहेब आल्या, साहेब आले, मागून अख्खं ऑफिस. बाईसाहेबांनी एक फांदी बोटावर उचलून बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “अगंबाई, केवढं वाढलंय!” साहेब म्हणाले, असा हात लाखात एकाला असतो. मधुकररावांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझं नाव यादीतून उडालं, मी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि त्या रात्री पोटभर जेवलो. हे सगळं तुमच्या मातोश्रींमुळे. त्यांना माझा दंडवत सांगा, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या उन्हाळ्यात न वाळता राहिला हे विशेष.

आपला,
विश्वनाथ

ता. क. पाकीट चिकटवतच होतो तर शिपाई धोंडबा आला. साहेबांचीच बदली झाली. सिरोंच्याला. (वरच्या कुणाच्या तरी कुंडीकडे त्यांचं दुर्लक्ष झालं असावं.) आणि झाडाला दुसऱ्या कुणाचा हात मानवत नाही म्हणून त्यांनी मला खास मागून घेतलं आहे. हुकूम निघाला. “लाखात एक हात हाये म्हने जी तुमचा,” असं वर धोंडबाच मला सांगून गेला. सुमती नागपूरलाच राहणार.

ता. क. २. खरं काम असं की ओवलेली पानं आता सुरकुतायला लागली आहेत. तरी पत्र मिळताच मावशीला परत पाठवावं. तिकडची हवा चांगली आहे, दोन नद्यांचा संगम आहे, वगैरे तिला सांगावं. माझ्या हातून सुईत दोरासुद्धा जात नाही.

ता. क. ३. आत्ताच सामान बांधायला बंगल्यावर जाऊन आलो. बाईसाहेबांनी मला एकट्याला बाजूला बोलावलं आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, “पांढरा दिसतो हो. मी हिरवाच वापरते.” तेव्हा मावशीबरोबर तिचा चष्मा आठवणीनं द्यावा.