साठ ग्रॅम

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, गुडघे परवानगी देतील तितका.

'मी ठीक आहे' हे नेहमीचं वाक्य लिहिलं आणि खोडलं. आठ महिने तुझा फोन उचलला नाही आणि आता एकदम पत्र, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील.

मागच्या मंगळवारी प्रसूती विभागातून बोलावणं आलं. तिथला बाळांचा वजनकाटा मीच जूनमध्ये तपासून पास केला होता. सिस्टर म्हणाली, "काका, हा जास्त दाखवतो. बाळ वजन धरतंय म्हणून आज घरी सोडणार होते, पण मला त्याचे गाल पटेनात. शेजारच्या काट्यावर ठेवलं, तर साठ ग्रॅम कमी."

मी म्हणालो, टेबल सपाट नसेल. बाळानं पाय झाडले असतील. शेजारचाच काटा बिघडला असेल. एकेक मुद्दा बिनतोड, उगाच का तू मला वकीलसाहेब म्हणतेस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमचं वजन ठेवून बघू या."

माझं एक किलोचं वजन ठेवलं. रीतीप्रमाणे डावा डोळा मिटून उजव्यानं वाचलं. बरोब्बर एक किलो. तिनं वाकून बघितलं.

"एक किलो साठ, काका."

मला तुझ्याकडचा मार्चमधला चहा आठवला. मी कपाबाहेर ओतत होतो आणि वर म्हणत होतो, कप लहान आहे. तू म्हणालीस, डोळे दाखवून घे. मी म्हणालो, पुराव्याशिवाय बोलू नकोस, आणि चपला घालून निघालो. पुरावा तुझ्या टेबलभर पसरला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. तिथं जे दिसत नाही ते मन आपल्या अंदाजानं भरून काढतं. मार्चमध्ये आला असतात तर थोडं वाचलं असतं, असंही म्हणाले.

पण ताई, सगळं डोळ्यावर ढकलणार नाही. बाबांचा नियम तुला पाठ आहे, आजचा आकडा आधी लिहायचा, मग वहीतला मागचा बघायचा. वर्षभर मी उलटं करत होतो. मागचा बघितला की आजचा स्पष्ट दिसायचा. असं का होतं हे मी स्वतःला कधी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. भीती वाटत होती. जन्मभर तर्काच्या गप्पा मारल्या आणि तर्क राबवला तो फक्त स्वतःला वाचवायला.

साहेब म्हणाले, "एका काट्याचं लिहून द्या, बाकीचं कोण बघतंय?" मी वर्षभरातले एकशे बारा काटे लिहून दिले, शिक्का परत केला. सोमवारपासून माझ्या जागेवरची नवी तपासनीस ते सगळे पुन्हा तपासणार आहे. वजनांची पेटी मी उचलणार, वाचणार ती. प्रत्येक दारात माझी चूक मीच सांगणार. दोन दारांत तर आधीच जाऊन सांगून आलो. मरत नाही माणूस.

बाळ अजून तिथंच आहे. काल त्याचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं. सिस्टरनं वाचलं, मी ऐकलं.

रविवारी येतो. चहा तू ओत.

कप लहान नव्हता, ताई.

खटला हरलेला,
तुझा वकील