रिकामी ओळ

४ नोव्हेंबर
मनमाडला भाऊबीज आटोपली आणि आज नाशकात कामावर रुजू झाले. लग्नानंतरची पहिली नोकरी, तीही कुंदनच्याच बँडमध्ये. तो ट्रम्पेट वाजवतो, मी त्याचं नोटेशन टाइप करणार. म्हणजे नवरा आता माझ्या तालावर चालणार, असं सासूबाईंना सांगितलं तर त्या पोटभर हसल्या.

ऑफिस भद्रकालीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. मालकीण साधनाताई, मागच्याच खोलीत राहतात. त्यांचे यजमान गेणू मास्तर गेल्या वर्षी वारले. बँडची सगळी गाणी मास्तरांनी एका जुनाट कॉम्प्युटरवर लिहून ठेवली आहेत. त्याच्या सिस्टिमचा सपोर्ट कंपनीने केव्हाच बंद केलाय, आणि नोटेशनचं सॉफ्टवेअर तिच्याशिवाय दुसऱ्या कशावर चालत नाही. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली की नुसते चौकोन दिसतात. म्हणून जुन्यावर उघडायचं, प्रिंट काढायची, नव्यावर पुन्हा लिहायचं. लग्नसराईच्या आत. जमेल.

६ नोव्हेंबर
मास्तरांची पद्धत मजेशीर होती. ओळीच्या सुरुवातीला वाद्याचं नाव नाही, माणसाचं. ज्याला जेवढं झेपतं तेवढेच सूर त्याच्या ओळीत. कोणी सुट्टीवर असला की त्याची ओळ रिकामी ठेवायची, नुसते विराम, आणि त्याचे सूर बाकीच्यांत वाटायचे. हे मला नवनाथभाऊंनी समजावलं. ते क्लॅरिनेट वाजवतात, मखमलाबादला कोथिंबीर पिकवतात, पहाटे मार्केटला माल टाकून तालमीला येतात. जाताना एक जुडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, वहिनी, मशीन लय जुनं हाय, जरा सांभाळून.

८ नोव्हेंबर
सतरा तारखेच्या लग्नाच्या सुपारीची फाइल उघडली. मल्हारीकाकांची ओळ रिकामी. काल भरलेली होती, प्रिंट माझ्याकडे आहे. काका तर सुट्टीवर नाहीत, समोर बसून आपलं पितळी युफोनियम पुसत होते.

ऑफिसच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक साधनाताईंकडे. काकांना परस्पर काढायचा बेत दिसतोय. फाइल कधी बदलली तेही कळत नाही, कारण कॉम्प्युटरच्या आतली बॅटरी संपलीय आणि त्याच्या घड्याळात कायम १ जानेवारी २००२ असतं. कुंदन म्हणाला, तुला दुधातही पाणी दिसतं. दिसतंच. कुठंतरी पाणी मुरतंय.

११ नोव्हेंबर
मल्हारीकाका गेले. सकाळी नळावर पाणी भरताना कोसळले. आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. माणसं रडत होती, आणि साधनाताईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आज फाइल उघडलीस का. त्या बाईची मला भीती वाटली.

१२ नोव्हेंबर
उघडली. आज नवनाथभाऊंची ओळ रिकामी आहे.

जुन्या प्रिंटवरून एकेक सूर परत भरला. सेव्ह केलं. कुंदनला काही सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
नवनाथभाऊंचा टेम्पो पहाटे दिंडोरी नाक्यावर उलटला. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. हसत आले, पेढे वाटले. मला इतकं हलकं वाटलं की दोन पेढे खाल्ले.

मग फाइल उघडली. कुंदनची ओळ रिकामी.

१४ नोव्हेंबर
तीनदा भरली. बंद करून उघडली की पुन्हा रिकामी. वायर उपटली, तर दहा मिनिटांत सासूबाईंचा फोन: कुंदन चक्कर येऊन पडला. वायर परत लावली. तो उठून बसला.

साधनाताईंना धरलं. त्या शांतपणे सांगत गेल्या. जिवंत माणसांपैकी एकाची ओळ रिकामी राहणारच, ती फक्त सरकवता येते. कोणाची ते आपण ठरवलं नाही, तर ओळ भरणाऱ्याच्याच जवळच्या माणसाची ते मशीन घेतं. मास्तर वर्षानुवर्षं ही वाटणी करत आले, आणि शेवटी कंटाळून त्यांनी स्वतःची ओळ रिकामी केली. आता हे काम तुझं. तुला ठेवलं ते यासाठीच, असं म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या.

म्हणजे नवनाथभाऊंना वाचवताना कुंदनला मीच—

१५ नोव्हेंबर
कुंदन दवाखान्यात. छातीत कळा. डॉक्टरांना काही सापडत नाही.

ठरवलं, माझ्या नावाची ओळ घालायची आणि ती रिकामी ठेवायची. बटण दाबलं. संदेश आला: नवी ओळ घालण्यासाठी नोंदणी तपासणे आवश्यक. कॉम्प्युटर पहिल्यांदाच नेटला जोडला. सर्व्हर सापडत नाही. सॉफ्टवेअरची कंपनीच बंद पडलीय. ओळीवरचं नाव बदलायला गेले, तोच संदेश. पुन्हा तोच.

मला मरायलाही जागा नाही त्यात. जी नावं आहेत त्यांतूनच—

१६ नोव्हेंबर, सकाळ
सासूबाईंचा फोन. कुंदन बोलत नाही. नजर ओळखीची नाही.

नवनाथभाऊ आले आहेत. दवाखान्यात डबा मी नेतो म्हणाले. मी रात्रीपासून उपाशी आहे हे त्यांनी ओळखलं, चहा आणायला खाली गेले.

त्यांची ओळ निवडलीय. निळी झालीय. एकच कळ.

वाटणी मुळात त्यांचीच होती. मी फक्त परत करतेय. मी नवीन काही— त्यांना दोन मुली आहेत, हे मला माहीत नसतं तर—

दाबली.

कुंदनच्या ओळीत सूर आले. सगळे. फोन वाजतोय, सासूबाई रडत हसताहेत, तो जेवायला मागतोय—

जिन्यावर पावलं. चहा घेऊन येताहेत. वहिनी, साखर कमी सांगितली, असं खालूनच—

काचेचे ग्लास फुटल्याचा—

साधनाताई आतून आल्या. जिन्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या की आता क्लॅरिनेटचे सूर कोणाकोणाला द्यायचे ते